कडेची वाघपात

न्या ब्रिहिदाबद्दल, म्हणजे ब्रिहिदाबाईबद्दल, चांगलं बोलणारे आता पुष्कळ निघालेत. त्यातल्या निम्म्यांनी तेव्हा तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मीही टाकलं होतं, नऊ दिवस, आणि तेही माझं टेबल तिच्या टेबलाला चिकटून असताना. म्हणून हे मी सांगितलेलं बरं. मला स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायची हौस नाही.

ताकुआराच्या चौकात राजधानीची बस थांबते, तिथं मी एकोणतीस वर्षं चिपा, म्हणजे चीज घालून भाजलेले छोटे पाव, विकते. माझ्या डाव्या हाताला ब्रिहिदाचं टेबल. त्यावर ओल्या पाल्याच्या जुड्या, मुळ्या, साली आणि मधोमध लाकडी खल. सकाळी पाचला ती कुटायला लागायची. जो तो आपला थर्मास घेऊन यायचा, काय होतंय ते सांगायचा, ती पाला कुटून थर्मासातल्या गार पाण्यात टाकायची, आणि मग दिवसभर त्याच पाण्याचं तेरेरे. आमच्याकडे औषध वेगळं घ्यायची पद्धत नाही. शिंगाच्या पेल्यात येर्बाच्या वाळल्या पानांचा चुरा भरायचा, त्यावर हे पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीनं घोट घोट ओढायचं, पेला सगळ्यांत फिरवायचा. डॉक्टरच्या गोळ्या माणूस विसरतो. तेरेरे कोण विसरणार?

ब्रिहिदा बुटकी, रुंद, डोक्यावर मेलेल्या नवऱ्याची हॅट. जिभेला हाड नाही. एखादा पोट धरून आला की त्याची अर्धी दुखणी तिच्या तोंडानंच पळायची.

“काय होतंय?”

“पोट, न्या ब्रिहिदा.”

“पोट सगळ्यांनाच आहे. त्यात काय घातलंस ते सांग.”

“रविवारी मेहुण्याकडे डुक्कर भाजलं होतं...”

“आणि ते एकट्यानं संपवलंस. मग पोटाला औषध कशाला मागतोस? तोंडाला कुलूप घे, ते समोरच्या दुकानात मिळतं.” असं म्हणत म्हणत ती पाला कुटून द्यायची, आणि उद्या येऊन सांग म्हणायची. नाही आला तर संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन विचारायची.

माझ्या लेकीला, सुनिल्दाला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलं ते ब्रिहिदानं. म्हणजे ती सुनिल्दाची माद्रिना, धर्माची आई, आणि आम्ही दोघी कोमाद्रे. सख्खी बहीण परवडली. बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी भांडलं तर पाप लागतं असं आमचे लोक मानतात. तरी मी भांडले, ते पुढं येईलच.

आमच्या भागात पूर्वी जंगल होतं. मग सोयाबीन आलं. सोयाबीन कसं येतं ते मला कुणी सांगू नये, मी पाहिलंय. आधी झाडं जातात, मग शेजारी जातात, मग उरतो तो फक्त हिरवा सपाट रंग, थेट शाळेच्या भिंतीपर्यंत. मध्ये उंच गवताचा आडोसा लावायचा असा कायदा आहे. फार्मवाल्यांनी तो लावलाही होता. पुढच्या हंगामात सोयाबीनच्या आणखी चार ओळी बसतात म्हणून नांगरून टाकला. फवारणीचं यंत्र यायचं, लांब दोन पंखांचं, उंच पायांचं. आम्ही त्याला डास म्हणतो. डास आला की शाळेत खिडक्या लावून घ्यायच्या आणि मुलांना ओल्या फडक्यानं नाक झाकायला सांगायचं. हे माझी सुनिल्दा करायची, कारण ती त्या शाळेत बाई आहे. खिडक्या बंद करायला एकटी बाहेर कोण जाणार? तीच जायची.

दोन वर्षांत तिचं डोकं दुखायला लागलं. मग मळमळ. मग अंगाला खाज. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं तर म्हणाले, यकृतावर सूज आहे, बाई, दारू कमी करा. माझी सुनिल्दा! नाताळला सफरचंदाचा रस पिते ती.

मी ब्रिहिदाकडे गेले. आणि इथं तिची चूक झाली. अशी चूक शहरातल्या माणसाकडून होणार नाही, कारण त्याला झाडांकडे बघायचीच सवय नसते.

यकृतासाठी आमच्याकडे एकच झुडूप. त्याच्या काड्यांनाच हिरवे पंख असतात, पानं जवळजवळ नाहीतच, आणि कडू इतकं की जीभ बधिर होते. आमच्या भाषेतलं त्याचं नाव मराठीत आणलं तर वाघपात होईल. ब्रिहिदा ती फार्मच्या जंगलातून आणायची. जंगल म्हणजे ओढ्याकाठचा उरलेला तुकडा. जुन्या मालकानं तिला तिथं जायची मुभा दिली होती. पण त्या वर्षी तिनं सोयाबीनच्या कडेला पाहिलं तर फवाऱ्यानं सगळं जळून गेलेलं, गवत पिवळं, पेरूची रोपं काळी, आणि मधेच वाघपात ताठ उभी. हिरवीगार.

“कोमाद्रे,” ती मला म्हणाली, आणि तिचे डोळे असे चमकत होते की मला अजून आठवतात, “जिला विष मारू शकलं नाही, ती विषाला मारणार. काट्यानं काटा निघतो.”

मला पटलं. कुणालाही पटलं असतं. पटण्यासारखंच होतं ते. चौकात बोलबाला झाला. ‘साधी देऊ की कडेची?’ असं ब्रिहिदा विचारायची आणि सगळे कडेचीच मागायचे. सुनिल्दानं आठ महिने रोज प्यायली. डेर्लिसही प्यायचा. डेर्लिस म्हणजे तोच, जो तो डास चालवतो, तिशीतला, दोन लेकरांचा बाप. उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणून यायचा. ब्रिहिदा त्याला म्हणायची, “शाळेवर मुततोस आणि माझ्याकडे औषधाला येतोस, लाज नाही वाटत?” तो मान खाली घालून थर्मास पुढं करायचा. ती भरून द्यायची. कडेचीच.

सुनिल्दाला काही उतार पडला नाही. आम्ही म्हटलं, जुनं दुखणं आहे, वेळ लागणार.

मग राजधानीतून डॉक्टर लिलियान आली. विद्यापीठातली, तीसएक वर्षांची, पायात पावसाळी बूट, ऊन असलं तरी. झाडांतल्या औषधी द्रव्यांवर तिचा अभ्यास होता. फवाऱ्यानं बिघडलेलं यकृत आमच्या पाल्यानं सावरतं का, हे तिला बघायचं होतं. बाकीच्या पालेवाल्या तिला टाळायच्या. त्यांना वाटायचं, ही शिकून जाईल आणि गोळ्या करून विकेल. ब्रिहिदानं मात्र दोन मोठ्या जुड्या बांधून दिल्या, एक जंगलातली, एक कडेची.

“कडेची आधी तपास, पोरी. मग साधीकडे बघायची गरज राहणार नाही.”

पाच महिन्यांनी लिलियान परत आली आणि चर्चच्या सभागृहात सगळ्यांना बोलावून तिनं सांगितलं. फार्मचा इंजिनियर ओस्मारही पहिल्या रांगेत बसला होता, इस्त्रीच्या शर्टात.

लिलियान म्हणाली, “न्या ब्रिहिदाचं निरीक्षण अर्धं बरोबर आहे. संकटात सापडलं की झाड स्वतःला वाचवायला आपली कडू द्रव्यं वाढवतं. कडेच्या वाघपातीत ती जंगलातल्यापेक्षा दीडपट सापडली.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ब्रिहिदानं हॅट मागं सरकवली.

“पण,” लिलियान म्हणाली, “त्याच काड्यांत फवाऱ्याचं विषही भरलेलं आहे. झाड मेलं नाही, कारण त्यानं ते साठवून ठेवलं. आम्ही आजारी उंदरांना दोन्ही दिल्या. जंगलातलीनं यकृत सावरलं. कडेचीनं आणखी बिघडलं.”

टाळ्या वाजवून झालेले हात कुठं ठेवावेत ते कुणाला कळेना.

ब्रिहिदा उभी राहिली. “उंदरांना किती दिवस दिली?”

“तीस दिवस.”

ती बसली नाही, उभीच राहिली, आणि तिथून सुनिल्दाकडे बघत राहिली. मला माहीत आहे ती काय मोजत होती. मीही तेच मोजत होते.

मी तिला दारात गाठलं. म्हणाले, “माझ्या पोरीला तू विष पाजलंस. रोज. स्वतःच्या हातानं कुटून.” मग मी आणखी बोलले, ते इथं सांगत नाही. त्यानंतर नऊ दिवस मी तिच्याकडे बघितलं नाही. शेजारी खल वाजायचा आणि मला वाटायचं, उचलून रस्त्यावर फेकावा.

बाजारात तर काय, सगळे शहाणे झाले. “हात दाखवून अवलक्षण,” म्हणाली पलीकडची पालेवाली. “कुणी सांगितलं होतं तपासायला? इतकी वर्षं कुणी मेलं का?”

चौथ्या दिवशी ओस्मार तिच्या टेबलाशी आला. मी तोंड फिरवून बसले होते, पण कान काही फिरवता येत नाहीत. त्याच्या हातात काचेच्या चौकटीत बसवलेला कागद होता. त्यावर ब्रिहिदाचं नाव सोनेरी अक्षरांत. खाली लिहिलं होतं, की संशोधनानं सिद्ध झालंय, शेतकडेची वाघपात दीडपट गुणकारी. पुढचं काही नव्हतं. पुढचं चौकटीत बसलं नसावं.

“अभिनंदन, न्या ब्रिहिदा,” तो म्हणाला. “तुमचं म्हणणं विज्ञानानं मान्य केलं. हे टेबलावर लावा. आणि शनिवारी रेडिओवर येऊन दोन शब्द सांगा, एवढंच. आमचा शेजार झाडांना वाईट नाही, उलट ती जोमदार होतात. तुम्ही सांगितलं तर लोक ऐकतील.”

“आणि उंदीर?”

“उंदरांचं काय घेऊन बसलात? आपण माणसं आहोत.” तो हसला. मग त्यानं खिशातून किल्ली काढली. “ओढ्याच्या जंगलाचं फाटक मालक बंद करायचं म्हणतायत. चोऱ्या होतात. पण तुमच्यासाठी ही वेगळी किल्ली. जन्मभर या-जा.”

नाक दाबलं की तोंड उघडतं, हे त्याला माहीत होतं. त्या जंगलाशिवाय ब्रिहिदाकडे विकायला काही नव्हतं. मुळ्या तिथल्या, साली तिथल्या, स्वच्छ वाघपात तिथलीच. बाकी सगळं सोयाबीन.

ब्रिहिदानं किल्ली हातात घेतली, उलटी पालटी केली. मला वाटलं, घेते आता. खरंच वाटलं, आणि मला आनंद झाला, कारण मग मला तिचा राग करत राहता आला असता.

तिनं किल्ली खलात टाकली आणि मुसळ हाणलं. तीनदा. मग वाकडी झालेली किल्ली त्याच्या इस्त्रीच्या खिशात घातली.

“पोटासाठी आहे,” ती म्हणाली. “रात्रभर भिजवून घे.”

दुसऱ्या दिवशी फाटकाला साखळी पडली. आणि शनिवारी सकाळी गावच्या रेडिओवर, रोलोनच्या कार्यक्रमात, ओस्मार स्वतःच बोलला. ब्रिहिदाचं नाव घेऊन बोलला. “आपल्या लाडक्या न्या ब्रिहिदानं शोधलेली आणि विद्यापीठानं सिद्ध केलेली कडेची वाघपात.” दुपारपर्यंत पलीकडच्या पालेवालीच्या टेबलावर कडेच्या जुड्यांचा ढीग लागला. लोक ब्रिहिदाकडे यायचे, कडेची मागायचे.

“नाही,” ती सांगायची. “त्यात विष आहे.”

“पण तूच तर म्हणालीस, काट्यानं काटा निघतो.”

“मी गाढव होते.”

“रेडिओवर तर सांगितलं!”

“रेडिओही गाढव आहे.”

लोक हसून पलीकडे जायचे. स्वतः पेरलेलं होतं, आता उपटून निघेना. आणि त्या लोकांत माझी सुनिल्दा होती. मी तिला घरी सांगून थकले होते. ती सभागृहात हजर होती, उंदरांचं ऐकलं होतं, तरी तिचं एकच टुमणं. लिलियान राजधानीची, दोन दिवसांची पाहुणी, आणि दीडपट आहे हे तीसुद्धा म्हणालीच की. खरं कारण वेगळं होतं. आठ महिने आपण विष प्यायलो, हे मान्य करणं तिला जमत नव्हतं. आजारी माणूस औषधाला धरून असतो. त्याच्या हातातून ते काढून घ्यायला गेलं तर तो चावतो.

ती शाळेला जाताना पलीकडच्या टेबलावर थर्मास भरून घेत होती. ब्रिहिदा तिथं गेली आणि तिनं थर्मासच्या तोंडावर हात ठेवला.

“ओतून टाक.”

“माद्रिना, हात काढा.”

“सुनिल्दा, मी तुला हे पाजलंय. मी सांगतेय.”

“तुम्ही आधी एक सांगता, मग दुसरं सांगता. मी कोणत्या माद्रिनाचं ऐकू?” सुनिल्दाच्या डोळ्यांत पाणी होतं. डोळ्यांचा पांढरा भागही पिवळट दिसत होता, तो मला त्या उन्हात पहिल्यांदा नीट दिसला. “मला बरं व्हायचंय. मला फक्त बरं व्हायचंय.” तिनं थर्मास ओढून घेतला आणि गेली.

ब्रिहिदा परत आली, खलाजवळ उभी राहिली. दहाव्या दिवशी मी तिच्याशी पहिलं वाक्य बोलले. म्हणाले, “आता काय करणार आहेस?”

“एकेकाच्या पेल्यापाशी जाऊन सांगून काही होत नाही,” ती म्हणाली. “जिथून खोटं गेलं तिथूनच खरं गेलं पाहिजे. तू येतेस?”

“मी कशाला?”

“दार अडवायला. मला मध्येच बाहेर काढतील.”

मी गेले. अजून तिला माफ केलं नव्हतं, तरी गेले.

रोलोनचा कार्यक्रम सकाळी सहाला असतो. त्या वेळेला अख्खा ताकुआरा अंगणात बसून पेला फिरवत असतो, आणि रेडिओ चालू असतो. शाळेतसुद्धा, ती उन्हाआधी सहालाच भरते. ब्रिहिदाला बघून रोलोनला आनंद झाला, त्याला वाटलं ओस्मारनं पाठवलं. “मित्रहो,” तो माइकमध्ये ओरडला, “आज आपल्याकडे कोण आलंय!” त्यानं आपल्या पेल्यात पहिलं पाणी ओतलं आणि ते तसंच येर्बात जिरू दिलं, कारण पहिला घोट संत टोमासचा असतो, तो कुणी माणूस पीत नाही.

“पाण्यात काय घातलंस?” ब्रिहिदानं विचारलं.

“तुमचीच की! कडेची वाघपात.”

“म्हणजे संतालाही पाजलंस,” ती म्हणाली. “आता माझं ऐक. मी ब्रिहिदा. कडेची वाघपात मी सुरू केली. ती विषारी आहे. विद्यापीठाच्या अहवालाची दोन पानं होती, इंजिनियरनं तुम्हाला एक वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर लिहिलंय की तिनं यकृत नासतं. मी आठ महिने तुम्हाला विष कुटून दिलं. मुद्दाम नाही दिलं, पण दिलं. कुणाकुणाला दिलं ते मला पाठ आहे, आणि मी नावं सांगणार आहे. ज्याचं नाव येईल त्यानं आजच्या आज पाणी ओतून टाकावं आणि रक्त तपासून घ्यावं. आणि मला शिव्या द्यायच्या असतील तर मी चौकात असते.”

आणि ती नावं घ्यायला लागली. “सुनिल्दा ओव्हेलार, शाळेतली बाई, आठ महिने, रोज. डेर्लिस काब्राल, फार्मवर डास चालवतो, आठ महिने, रविवार सोडून. पाद्री एउसेबियो, चार महिने. न्या फेलिपा, तिची सून, आणि सुनेची आई...” रोलोनचं तोंड पांढरं पडलं. तो काचेपलीकडच्या माणसाला खुणा करायला लागला, गाणं लाव, पोल्का लाव. मी माझी चिपाची टोपली घेऊन त्या काचेच्या खोलीत शिरले आणि यंत्रावर ठेवली. गरम होती. तो माणूस म्हणाला, “बाई, बटणं!” मी म्हटलं, “खा. आत्ताच भाजल्यात.” त्यानं खाल्ली. मला वाटतं त्यालाही पुढची नावं ऐकायची होती, त्याची आई त्यात आली, एकविसावी.

त्रेचाळीस नावं झाली. किती महिने, किती वेळा, सगळं. फार्मच्या मालकाच्या स्वयंपाकिणीचं नाव घेतलं आणि म्हणाली, “ती घरी कुणाकुणाला पाजते ते मालकांनी तिला विचारावं.” शेवटचं नाव तिनं स्वतःचं घेतलं. आठ महिने, चव बघायला, दर जुडीला एक घोट.

मी तेव्हा रडले. दार अडवायला गेलेली बाई रडत उभी. आमच्या गावात लोक चुका करतात आणि मग त्या चुका संतांवर, नवऱ्यावर, सरकारवर ढकलतात. आपल्या चुकीची यादी करून ती सहा वाजता रेडिओवर वाचणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. माझा राग त्या काचेच्या खोलीत गेला. कुठं गेला ते मला सांगता येणार नाही.

चौकात परतलो तर तिच्या टेबलाशी कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. पलीकडची पालेवाली दोन दिवस टेबल मांडायलाच आली नाही. काही जण येऊन शिव्या देऊन गेले, ब्रिहिदानं हॅट काढून ऐकून घेतल्या. रेडिओच्याच दिवशी दुपारी सुनिल्दा आली. आमच्याकडे मूल कितीही मोठं झालं तरी माद्रिनासमोर हात जोडून आशीर्वाद मागतं. तिनं हात जोडले नाहीत.

“माझ्या वर्गातल्या मुलांसमोर माझं नाव वाजलं. पहिलं.”

“हो.”

“पहिलं का?”

“सगळ्यात जास्त तुला पाजलं म्हणून.”

सुनिल्दानं पिशवीतून कडेच्या वाघपातीची वाळलेली जुडी काढली आणि टेबलावर आपटली, इतकी जोरात की काड्या माझ्या चिपावर उडाल्या. “मुलांनीच माझा थर्मास ओतला,” ती म्हणाली. “माझ्या हातातून घेऊन.” आणि ती गेली.

गुरुवारी फवारणी होती. हवा शाळेकडे वाहत होती. मी चिपा भाजत होते तेवढ्यात बघते तर ब्रिहिदानं टेबल डोक्यावर घेतलंय. “कुठं?” म्हटलं. “गिऱ्हाईक इथं येत नाही तर गिऱ्हाईकाकडे जाते,” म्हणाली. ती शाळेच्या भिंतीपाशी गेली, भिंत आणि सोयाबीन यांच्यात जी वीतभर वाट उरलीय तिथवर, आणि तिनं वाटेवर नाही, थेट पिकात टेबल मांडलं. खल मधोमध ठेवला. रिकामा. खुर्ची ठेवली आणि बसली. मी टोपली घेऊन तिच्यामागं. आमची सवयच आहे, तिच्या उजव्या हाताला बसायची.

डास दिसला. लांबून पंख उघडलेले, खालून धुरासारखा फवारा. सरळ रेषेत आमच्याकडे. वास आधी पोचला, गोडसर, घशात बसणारा. शाळेच्या खिडक्या धाडधाड लागल्या. मग दार उघडलं आणि सुनिल्दा बाहेर आली, हातात वर्गातली खुर्ची. तिनं ती ब्रिहिदाच्या डाव्या बाजूला ठेवली आणि बसली. मी म्हटलं, “सुनिल्दा, तू आत जा, तुझं यकृत...” ती म्हणाली, “आई, गप्प बस.”

डास पन्नास पावलांवर आला. चाळीस. मला खरं सांगायचं तर पळावंसं वाटलं. पळाले नाही ते शौर्यानं नाही, पोरगी तिथं होती म्हणून.

तीस पावलांवर फवारा बंद झाला. मग पंख मिटले. मग इंजिन थांबलं. वरून डेर्लिस उतरला, तोंडावरचं फडकं खाली केलं.

“न्या ब्रिहिदा, बाजूला व्हा. माझी नोकरी जाईल.”

“जाईल.”

“तुम्ही रेडिओवर माझं नाव घेतलंत.”

“घेतलं.”

“काल मी रक्त तपासलं.” तो आमच्याकडे न बघता सुनिल्दाकडे बघत होता. “बाई, तुमचा आकडा किती आला होता?”

सुनिल्दानं सांगितला.

“माझा तुमच्या दुप्पट आहे,” डेर्लिस म्हणाला. मग उन्हात तसाच उभा राहिला, हातमोजे काढत, एकेक बोट.

त्याच्या खिशात फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. त्यानं काढून बघितला. ओस्मारचा होता. तो फोन हातात धरून ब्रिहिदाकडे बघत राहिला, आता काय सांगू असं विचारल्यासारखा.

“उचल की,” ती म्हणाली. “घाबरतोस कशाला? सांग त्याला, यंत्र ठीक आहे, तेलही आहे, पण मध्ये एक म्हातारी बसलीय आणि उठत नाही. उद्याही बसणार आहे म्हणावं. विचारलं कोण, तर नाव सांग. ब्रिहिदा व्हिजाल्बा. आडनावासकट सांग, म्हणजे पोलिसांना शोधायला त्रास नको.”

डेर्लिसनं फोन उचलला आणि आडनावासकट सांगितलं.